विमानातला कॅमेरा : जोखीम कोणाची?

छायाचित्रण हा एके काळी हौसेचा, आणि बऱ्याच अंशी सुखवस्तूंचा विषय होता. आज तो अनेकांच्या चरितार्थाचा विषय झाला आहे. पुण्यामुंबईकडचे लग्नसमारंभांचे छायाचित्रकार कामानिमित्त उदयपूरला नि गोव्याला विमानाने जातात. ताडोबाच्या वाघासाठी देशभरातून माणसे नागपूरच्या विमानतळावर उतरतात. माहितीपट करणारी दोनतीन जणांची पथके ईशान्येकडील राज्यांत जातात. आणि पत्रकारितेचा किंवा प्राणिशास्त्राचा एखादा विद्यार्थीही कर्ज काढून घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवून प्रवासास निघतो. या सर्वांना विमानतळावर एकाच प्रश्नाला तोंड द्यावे लागते. यंत्रसामग्री जवळ बाळगावी, की सामानात द्यावी? वरवर पाहता हा प्रश्न बॅग कोणती घ्यावी आणि तिच्यात फोम किती घालावा एवढ्यापुरताच दिसतो, आणि या विषयावर जे लिहिले-बोलले जाते तेही बहुधा तेवढ्यावरच थांबते. वस्तुतः त्याच्या मुळाशी एक आर्थिक प्रश्न आहे : वाटेत वस्तू फुटली, हरवली किंवा चोरीस गेली, तर तिचा भुर्दंड कोणी सोसायचा?

प्रथम वजनाचा हिशेब पाहू. भारतातील बहुतेक विमानकंपन्या देशांतर्गत प्रवासात साध्या वर्गाच्या प्रवाशाला ७ किलोंची एक बॅग हातातील सामान म्हणून नेऊ देतात. फार तर तिच्याबरोबर लॅपटॉपची लहान पिशवी चालते. आता वन्य प्राण्यांची छायाचित्रे काढणाऱ्या व्यावसायिकाचे सामान घ्या. कॅननची 'वन-डी एक्स मार्क थ्री' ही बॉडी बॅटरीसह १,४४० ग्रॅम भरते. त्याच कंपनीची ६०० मिलिमीटरची एफ-४ लेन्स, तिची हलकी म्हणून नावाजलेली तिसरी आवृत्ती घेतली तरी, ३,०५० ग्रॅम. ७०-२०० ची लेन्स सुमारे १,४८० ग्रॅम आणि २४-७० ची ८०५ ग्रॅम. बेरीज ६ किलो ७७५ ग्रॅम झाली. यात अजून जादा बॅटऱ्या नाहीत, चार्जर नाही, दुसरी बॉडी नाही, आणि मुख्य म्हणजे बॅग नाही. चांगल्या प्रतीची रिकामी कॅमेराबॅगच दीड-दोन किलोंची असते. आरशाविना चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांमुळे बॉडीचे वजन घटले हे खरे. परंतु काचेचे वजन तितक्या प्रमाणात घटलेले नाही. सारांश, आपल्या धंद्याची हत्यारे घेऊन निघालेला हा माणूस काउंटरपाशी पोहोचण्यापूर्वीच नियमाबाहेर गेलेला असतो. यावर छायाचित्रकारांनी शोधलेला तोडगा मोठा गमतीचा आहे. पुष्कळ खिसे असलेली बंडी अंगात घालायची आणि दोन लेन्स तिच्या खिशांत कोंबायच्या. कारण कंपनी बॅगेचे वजन करते, माणसाचे करीत नाही. विमानाला उचलावे लागणारे ओझे तेवढेच राहते. ज्या नियमाचे पालन अशा बंडीने होते, त्याच्या तर्कशुद्धतेबद्दल अधिक बोलण्याची आवश्यकता नाही.

बंडीत न मावणाऱ्या वस्तूंना विमानाच्या पोटातील सामानकक्षाखेरीज जागा नाही. परंतु तिथे त्यांचे स्वागत कोणत्या शब्दांत होते? विमानकंपन्यांच्या वाहतूक-अटी सर्वसाधारणपणे असे सांगतात की रोकड, दागिने, कॅमेरे, संगणक अशा मौल्यवान वा नाजूक वस्तू नोंदवलेल्या सामानात ठेवू नयेत आणि ठेवल्यास त्यांच्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही. म्हणजे एक अट सांगते, इतके वजन वर आणू नका. दुसरी सांगते, ही वस्तू खाली ठेवू नका. प्रत्येक अट स्वतंत्रपणे पाहिली तर समर्थनीय आहे. विमानातील वरचे कप्पे सर्वांचे आहेत आणि ते एकाने अडवू नयेत, हे योग्यच. पेटीत काय आहे हे ठाऊक नसताना तिच्यातील दहा लाखांच्या भिंगाची हमी कंपनीने घ्यावी, अशी अपेक्षाही वाजवी नाही. परंतु दोन्ही अटी एकत्र आल्या की तिकीट विकत घेतलेल्या प्रवाशाजवळ वैध असा एकही मार्ग शिल्लक राहत नाही, आणि पुढे जे काही होईल ते त्याच्या एकट्याच्या नशिबावर सोपवले जाते.

वाहतूकदार आणि मौल्यवान माल यांचा हा झगडा विमानांच्या कितीतरी आधीचा आहे आणि त्यावर शहाणपणाचा तोडगाही जुनाच आहे. १८६५ च्या 'कॅरिअर्स ॲक्ट'ने सोने, चांदी, जवाहीर, घड्याळे अशा मालाची एक अनुसूची केली आणि असे ठरवले की त्याची किंमत शंभर रुपयांहून अधिक असल्यास ती पाठवणाऱ्याने आधी जाहीर केली पाहिजे. जाहीर केली तर वाहतूकदाराने जादा आकार घ्यावा आणि जबाबदारीही घ्यावी. जाहीर केली नाही तर मागाहून तक्रार चालणार नाही. सुमारे दीडशे वर्षे चाललेल्या या कायद्याची जागा २००७ च्या रस्ते-वाहतुकीविषयक कायद्याने घेतली. पण त्यामागील तत्त्व रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातही आहे. तिथे नोंदवलेल्या सामानाची जबाबदारी एरवी वजनावर मर्यादित असते, किलोमागे अवघे १०० रुपये. मात्र किंमत जाहीर करून टक्केवारीने आकार भरला की ती जाहीर किमतीपर्यंत वाढते. टपालाने पार्सल पाठवताना त्याचा विमा उतरवणे तर आपल्याकडे अनेक पिढ्यांच्या अंगवळणी पडले आहे. आंब्याची पेटी आणि सोन्याची साखळी यांना एकच दर लावावा असे पोस्टातल्या कारकुनाला कधी वाटले नाही.

विमानवाहतुकीने आरंभी मात्र वजनाचाच गज हाती धरला. १९२९ च्या वॉर्सा करारात नोंदवलेल्या सामानासाठी किलोमागे २५० सुवर्ण फ्रँक अशी मर्यादा होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात, म्हणजे विशेष आहरण अधिकारांत, ती पुढे १७ एकके प्रतिकिलो झाली. वर उल्लेखलेल्या ६०० मिलिमीटरच्या लेन्सची किंमत दहा लाख रुपयांहून अधिक आहे. वजनाच्या या गजाने तिची भरपाई जेमतेम सहा हजार रुपये होते. १९९९ च्या माँट्रियल कराराने हा गज टाकून दिला आणि प्रवाशामागे एक ठोक मर्यादा आणली. ती मुळात १,००० एकके होती. दर पाच वर्षांनी महागाईचा आढावा घेण्याची तरतूद असल्याने ती २००९ अखेर १,१३१, २०१९ अखेर १,२८८ आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ झाली. रुपयांत ही रक्कम पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान जाते. भारत या करारात २००९ साली सामील झाला आणि त्यासाठी १९७२ चा हवाई वाहतूक कायदा सुधारून घेण्यात आला. देशांतर्गत प्रवासात मात्र सामानाच्या नुकसानीची कमाल मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपये आहे. मुंबईहून दुबईला जाताना हरवलेला कॅमेरा आणि मुंबईहून नागपूरला जाताना हरवलेला तोच कॅमेरा यांच्या भरपाईत हा असा जवळजवळ नऊ पटींचा फरक पडतो. वस्तू तीच, मालक तोच, हयगयही कदाचित तीच.

माँट्रियल करारातील दोन कलमे या संदर्भात प्रत्येक प्रवाशाने ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. त्यांपैकी २६ वे कलम असे सांगते की कराराने घातलेल्या जबाबदारीतून कंपनीला मुक्त करणारी किंवा तिची मर्यादा आणखी खाली आणणारी अट रद्दबातल समजावी. त्यामुळे आंतरराष्ट्रीय प्रवासात 'कॅमेऱ्यास आम्ही मुळीच जबाबदार नाही' या वाक्याला दिसते तेवढे वजन नाही. सामान कंपनीच्या ताब्यात असताना नुकसान झाले, तर ते वस्तूतील अंगभूत दोषामुळे झाले एवढाच बचाव प्रामुख्याने तिच्यापाशी उरतो. भिंगाचा नाजूकपणा हा 'अंगभूत दोष' की निव्वळ गुणधर्म, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. हातातील सामानाचे गणित निराळे आहे. तिथे कंपनीची किंवा तिच्या नोकरांची चूक दाखवता आली तरच ती जबाबदार ठरते. शेजारच्या प्रवाशाची पेटी वरच्या कप्प्यात कॅमेऱ्यावर आदळली तर कंपनीकडे दाद मागणे कठीणच.

दुसरे महत्त्वाचे कलम २२ वे. सामान स्वाधीन करताना प्रवाशाने त्याच्या पोहोचण्यातील आपले विशेष हितसंबंध जाहीर केले आणि कंपनीने मागितल्यास जादा रक्कम भरली, तर कंपनीची जबाबदारी त्या जाहीर रकमेपर्यंत वाढते. जाहीर रक्कम प्रवाशाच्या खऱ्या हितसंबंधापेक्षा अधिक आहे असे कंपनीने सिद्ध केले तरच तिची सुटका. हे तत्त्व १८६५ चेच, फक्त त्याला पंख फुटले. ते आपल्या नियामकाला अपरिचित आहे असेही नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१३ साली कोणकोणत्या सेवांसाठी तिकिटाव्यतिरिक्त स्वतंत्र शुल्क घेता येईल याची यादी काढली. पसंतीचे आसन, खाद्यपदार्थ, विश्रामकक्ष, नोंदवलेले सामान, खेळाचे साहित्य, वाद्ये. आणि यादीच्या शेवटी मौल्यवान सामानाच्या विशेष जाहीरनाम्याचे शुल्क, ज्यायोगे कंपनीची जबाबदारी वाढेल. या यादीतील आसनाचे आणि खाद्यपदार्थांचे शुल्क तिकीट काढताना पावलोपावली समोर येते. पाय पसरायला चार इंच अधिक जागा हवी का, हे प्रवाशाला दोनदोनदा विचारले जाते. पेटीतल्या सामानाची किंमत जाहीर करायची आहे का, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. काउंटरवर एखाद्या चौकस प्रवाशाने स्वतःहून तसे म्हटले, तर त्यासाठी कोणता कागद भरायचा हे तिथल्या कर्मचाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही.

हे असे का व्हावे? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला उत्तर फार दूर शोधावे लागणार नाही. आसनाचे शुल्क हा कंपनीचा निर्भेळ लाभ आहे. जाहीर किमतीचे शुल्क घेतले की त्याच्याबरोबर जबाबदारी येते, ती पार पाडण्यासाठी पेटी वेगळी हाताळावी लागते, आणि खोटी किंमत सांगून भरपाई उकळणाऱ्या लबाडांचाही बंदोबस्त करावा लागतो. शिवाय ज्यांच्या पेट्या फुटण्याचा संभव अधिक तेच विमा उतरवायला पुढे येतील, ही भीती असते. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्या प्रत्येक विम्यात असतात आणि विम्याचा धंदा त्यामुळे बुडालेला नाही. उलट जोखीम जितकी विरळ तितका तिचा विमा स्वस्त पडावा. सामानाची हेळसांड कमी झाल्याचा दावा विमान-उद्योग करतो आणि तो निराधार नाही. 'सीता' या संस्थेच्या पाहणीप्रमाणे २००७ साली जगभरात हजार प्रवाशांमागे सुमारे १९ पेट्यांबाबत गोंधळ होत असे. २०२४ साली हे प्रमाण ६.३ वर आले. प्रगती एवढी झाली असेल, तर तिच्या भरवशावर चार पैसे घेऊन जबाबदारी स्वीकारण्यास कंपन्यांनी का कचरावे?

कॅमेऱ्याच्या किमतीचा भार इतर प्रवाशांवर पडता कामा नये, हा आक्षेप मात्र विचारात घ्यावयास हवा. ज्याच्या पेटीत दोन धोतरे आणि लाडवांचा डबा आहे, त्याने दुसऱ्याच्या दहा लाखांच्या भिंगासाठी तिकिटात अधिक रक्कम का मोजावी? मोजू नयेच. सरसकट मर्यादा वाढवण्यापेक्षा जाहीर किमतीची पद्धत न्याय्य ठरते ती याच कारणाने. ज्याची वस्तू महाग त्याने अधिक द्यावे. मात्र त्याने अधिक दिल्यावर त्याला काही मिळालेही पाहिजे.

बॅटरीच्या बाबतीत गोष्ट निराळी आहे. तिथे प्रवाशाची गैरसोय झाली तरी नियमच बरोबर आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानकक्षात ठेवता येत नाहीत. त्या जवळच ठेवाव्या लागतात आणि त्यांची टोके एकमेकांना किंवा धातूला लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना कंपनीची वेगळी परवानगी सहसा लागत नाही. १०० ते १६० पर्यंत ती लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. त्याहून मोठी बॅटरी प्रवाशाला नेताच येत नाही. साध्या कॅमेऱ्याची बॅटरी १४-१६ वॉट-तासांची असते, म्हणून छायाचित्रकाराला चिंता नाही. चित्रपटाच्या कॅमेऱ्याची मोठी बॅटरी ९८-९९ ची का बनवतात याचे कोडेही या आकड्यांवरून उलगडावे. सप्टेंबर २०१० मध्ये लिथियम बॅटऱ्यांचा माल नेणारे एक मालवाहू विमान दुबईजवळ आग लागून कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. अशी आग प्रवासी कक्षात लागली तर ती दिसते आणि विझवता येते. पोटात लागली तर ती कळेपर्यंत उशीर होतो.

दुर्दैव असे की सुरक्षेच्या नावाने निघालेले सर्वच हुकूम इतके विचारपूर्वक नसतात. ऑगस्ट २००६ मध्ये अटलांटिकवरील विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला तेव्हा काही दिवस तिथून निघणाऱ्या प्रवाशांना पारदर्शक पिशवीत मावेल तेवढ्याच अत्यावश्यक वस्तू जवळ ठेवता येत होत्या. कॅमेरे आणि वाद्ये सामानात टाकावी लागली. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने दुबई, अबुधाबी, दोहा यांसह दहा विमानतळांवरून येणाऱ्यांना मोबाइलपेक्षा मोठे कोणतेही विद्युत उपकरण, कॅमेरासुद्धा, वर नेण्यास मनाई केली. आखातमार्गे अमेरिकेला जाणाऱ्या भारतीयांनाही तिची झळ लागली. जुलैपर्यंत ती बंदी उठली. पण त्या चार महिन्यांत एक खाते म्हणत होते, बॅटरीची उपकरणे खाली ठेवा, आणि अग्निसुरक्षेचे जाणकार म्हणत होते, शक्यतो ती खाली ठेवू नका. अशा वेळी सरकारी हुकमाने सामानकक्षात गेलेल्या वस्तूची जबाबदारी विमानकंपनीने नाकारावी काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. तसा प्रसंग पुन्हा येणार नाही याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही.

व्यवस्था सुधारेपर्यंत प्रवाशाला स्वतःची काळजी स्वतःच घ्यावी लागेल. बॉडी आणि सर्वांत महाग लेन्स हाती. ट्रायपॉड, दिवे, चार्जर पोटात, कठीण कवचाच्या पेटीत. लेन्स बॉडीला जोडलेली ठेवू नये, कारण आघात झाला तर जोडणीची कडी प्रथम वाकते. पेटीत हलायला जागा राहू नये. कंपनाने स्क्रू सैल होतात. वरचे कप्पे भरले म्हणजे विमानाच्या दाराशी ऐनवेळी हातातील बॅग काढून घेऊन पोटात पाठवतात. तेव्हा जादा बॅटऱ्या आठवणीने बाहेर काढाव्या लागतात, आणि कॅमेरा वेगळ्या लहान पिशवीत असेल तर तोही. जुन्या फिल्मकडे पुन्हा वळलेल्या विद्यार्थ्यांनी न धुतलेली फिल्म नोंदवलेल्या सामानात कधीच देऊ नये. तिथल्या तपासणी यंत्रांच्या क्ष-किरणांनी ती खराब होते. परदेशी जाताना निघण्यापूर्वी सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून कॅमेऱ्याच्या क्रमांकासह निर्यात-प्रमाणपत्र घेतले, तर परतताना 'हा तिकडे घेतला काय' या प्रश्नावर हुज्जत घालावी लागत नाही. खरेदीची पावती आणि उपकरणांचे क्रमांक सामानापासून वेगळे ठेवावेत. व्यावसायिकाने प्रवासविम्यावर न विसंबता उपकरणांचा स्वतंत्र विमा घ्यावा; साध्या प्रवासविम्यात एका वस्तूमागील मर्यादा बहुधा फार तोकडी असते.

मात्र कोणताही विमा काढलेली छायाचित्रे परत देत नाही. लग्न पुन्हा लागत नाही आणि पाणवठ्यावरचा तो क्षणही पुन्हा येत नाही. म्हणून मेमरी कार्डे अंगावरच्या खिशात असावीत आणि त्यांची दुसरी प्रत सहकाऱ्याच्या सामानात. कॅमेरा गेला तर कर्ज फेडता येते. कार्ड गेले तर वधूपित्यासमोर उभे राहणे कठीण होते.

नुकसान झालेच तर विमानतळ सोडण्यापूर्वी तिथल्या सामान-कक्षात लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी. माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि विलंबाची २१ दिवसांत व्हावी लागते; न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षे. 'घरी जाऊन सावकाश पाहू' म्हणणाऱ्याचा हक्क कपाटातच बुडतो.

अमेरिकेत वादकांनी हाच लढा दिला. तिथे २०१२ च्या कायद्याने असे ठरले की चढतेवेळी जागा शिल्लक असल्यास आणि वाद्य सुरक्षित ठेवता येत असल्यास ते जादा आकार न घेता प्रवासी कक्षात नेऊ द्यावे. त्याचे नियम २०१५ साली अमलात आले. वाद्य हे वादकाच्या उपजीविकेचे साधन आहे ही गोष्ट त्या कायद्याने मान्य केली. छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याला तो न्याय लावण्यात तत्त्वतः काही अडचण दिसत नाही. आपल्या महासंचालनालयाने व्यावसायिक उपकरणांपुरती हातातील सामानाची मर्यादा, हवे तर शुल्क घेऊन, ७ वरून १० किलोंपर्यंत वाढवण्यास सांगितले तर विमान जमिनीवरून उचलणार नाही असे नाही. त्याहून अधिक निकडीचे आहे ते २०१३ च्या यादीतील शेवटच्या ओळीला जिवंत करणे. विशेष जाहीरनाम्याचा दर प्रत्येक कंपनीने ठळकपणे प्रसिद्ध केलाच पाहिजे असे बंधन घालावे. तिकीट काढताना खिडकीकडच्या आसनाचे दर जिथे दिसतात तिथेच तो दिसावा. दर किती असावा, हे कंपन्यांनी आपसांतील चढाओढीतून खुशाल ठरवावे.